गाडी बोटीत चढण्याआधी

गाडी बरोबर आणू का, असं विचारलंस. बहुतेकांनी आणू नये, हे माझं मत आधीच सांगून टाकते. तरी पुढचं सगळं वाच. तुझी गाडी त्याला अपवाद आहे की नाही, हे तिथं बर्मिंगहॅमला बसूनच ठरवायला हवं, मुंबईच्या गोदीत नव्हे. बॅलार्ड इस्टेटला कस्टम हाऊसच्या शेजारी एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत तुझ्या या आत्याची, म्हणजे माझी, सगळी नोकरी झाली. तेवढ्या काळात समुद्रात अडकलेली गाडी क्वचितच पाहिली. ज्या अडकल्या त्या तिकडून निघतानाच अडकलेल्या होत्या, मालकाला ते इथं आल्यावर कळलं इतकंच.

सगळ्यात आधी तारीख बघ. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते. बनल्यापासून, बरं का. तू विकत घेतल्यापासून नाही आणि नंबर मिळाल्यापासूनही नाही. तुमच्याकडे १ मार्च आणि १ सप्टेंबरला नव्या नंबरप्लेटी निघतात, म्हणून लोक त्या तारखेसाठी थांबतात आणि गाड्या डीलरच्या आवारात उभ्या राहतात. नोव्हेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी मार्चात नोंदली गेली, तर लॉगबुकावर मार्च दिसतो. आपल्या हिशेबातले चार महिने तेव्हाच गेलेले असतात. त्यामुळे उत्पादनाची तारीख चॅसिस नंबर देऊन कंपनीकडून लेखी मागून घे. दाराच्या खांबावरची पट्टी, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेलं लेबल, काचेच्या कोपऱ्यातली खूण यांवरून अंदाज बांधता येतो, पण कस्टममध्ये असेसमेंटला बसलेल्या साहेबाला अंदाज चालत नाही. कुणी चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर वाचून वर्ष सांगेल. ती रीत अमेरिकेतल्या गाड्यांची. युरोपातल्या कंपन्या ती पाळतातच असं नाही.

अडीच वर्षं उलटलेली गाडी असेल तर मी म्हणेन, विषय सोड. निघण्याआधीची तपासणी, बुकिंग, बंदरातला मुक्काम, मग समुद्र. त्यात २०२३ च्या अखेरीला लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बऱ्याच बोटी सुएझ टाळून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून यायला लागल्या. तो वळसा दीड-दोन आठवडे सहज खातो. बोट उशिरा लागली हे कारण कायद्यात बसत नाही.

स्टिअरिंग उजवीकडे हवं. तुझं आहे, म्हणून तू निदान दारापर्यंत तरी आलीस. मस्कतचा तुझा चुलतभाऊ त्याच्या लाडक्या गाडीबद्दल दर दिवाळीला विचारतो आणि दर दिवाळीला मी त्याला तेच सांगते, की आखातातलं डाव्या स्टिअरिंगचं वाहन इथं कायमचं आणता येत नाही. इंग्लंड, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केनिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या आपल्या लोकांनाच हा विचार करता येतो. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, तोही तुमच्याकडे तसाच असतो. वेग मात्र किलोमीटरमध्ये दिसला पाहिजे. तुमच्या देशात मैल चालतात. डिजिटल पडदा असेल तर तो बदलून ठेव आणि बदललेला फोटो काढून ठेव.

आणखी एक अट लोकांच्या नजरेतून सुटते. गाडी इथं आल्यावर किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी आहे असं लिहून द्यावं लागतं, आणि तेवढा काळ तिची देखभाल-दुरुस्ती देशात होईल याची हमीही लागते. ज्या कंपनीचं भारतात वर्कशॉपच नाही, तिची गाडी आणून काय करणार? इथं तीच कंपनी असली तरी तेच मॉडेल, तेच इंजिन विकलं जातं का ते बघ. आरशाची काच फुटली तर ती युरोपातून मागवायची, हा छंद परवडणारे लोक वेगळे.

आता पैसे. जहाजभाड्याची चौकशी सगळे आधी करतात, आणि तो आकडा पाहून हुरूप येतो. एका मोटारीचं भाडं खरंच फार नसतं. खरा खर्च कस्टम ड्यूटीचा. तू काय किंमत दिलीस किंवा आज बाजारात काय येईल, यावर कस्टमवाले थांबत नाहीत. गाडी नवी असतानाची किंमत घेतात आणि त्यातून घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे दोन वर्षांच्या गाडीला २८ टक्के सूट. तिथल्या बाजारात तिचा भाव याहून जास्त पडलेला असू शकतो, पण तो तुझा तोटा. उरलेल्या किमतीत जहाजभाडं आणि विमा मिळवायचा, आणि त्या सगळ्यावर कर. भाड्यावरसुद्धा कर लागतो हे ऐकून भले भले इंजिनीअर माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसलेले आहेत.

वापरलेल्या मोटारीवर सीमाशुल्क आणि त्याच्या जोडीचे उपकर धरून १३७.५ टक्के बसतात. त्या बेरजेवर पुन्हा जीएसटी, आणि मोठ्या गाडीला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. समज, सगळं मिळून गाडीची किंमत २० लाख धरली गेली. सीमाशुल्क २७.५ लाख. झाले ४७.५ लाख. त्यावर जीएसटी १९ लाख. म्हणजे २० लाखांच्या गाडीवर साडेशेहेचाळीस लाखांचा कर, आणि अजून नंबर मिळालेला नाही. छोट्या गाडीला जीएसटी कमी, तरी एकूण कर गाडीच्या किमतीच्या वरच जातो. हे दर अर्थसंकल्पाबरोबर इकडेतिकडे होतात, म्हणून निघायच्या महिन्यात एजंटकडून ताजा हिशेब कागदावर घे. फोनवरचा आकडा धरून चालू नकोस.

ड्यूटी माफ होईल, ही आशाही धरू नकोस. २००२ मध्ये मायकेल शूमाकरनं सिल्व्हरस्टोनला सचिनच्या हाती फेरारीची किल्ली दिली. ती गाडी इथं आणताना ड्यूटी माफ झाली, त्यावर गदारोळ उठला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ड्यूटी फियाट कंपनीनं भरली. तेंडुलकरांच्या पाठीशी फियाट उभी राहिली. तुझ्यामाझ्या पाठीशी कोण राहणार?

ब्रिटनमधल्या मराठी मंडळात कुणीतरी नक्की सांगेल की कायमचं परतताना 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'मध्ये सवलत असते, गाडी त्यातच बसव. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन यांना ती सवलत अटींसह आहे. मोटारीला नाही. कस्टम कायद्यात प्रवासी सामानाची जी व्याख्या आहे, तिच्यातूनच मोटार वगळलेली आहे. घरच्या सामानाच्या कंटेनरमध्ये गाडी घालून 'सगळं एकत्र सोडवू' म्हणणारा पॅकर भेटला, तर त्याला नमस्कार करून दुसरा शोध. गाडीपायी तुझी पुस्तकं आणि कुकरसुद्धा अडकून पडतील.

एवढं वाचूनही आणायचीच असेल, तर आता तिकडच्या कागदांकडे वळू. गाडी पीसीपीवर किंवा हप्त्यांवर आहे का? असेल तर ती तुझी नाही, फायनान्स कंपनीची आहे, आणि तिच्या लेखी परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा गुन्ह्याच्या जवळचा प्रकार होतो. हप्ते फेड, फिटल्याचं पत्र घे. दुसरं, तुमचं व्ही-फाइव्ह-सी नावाचं लॉगबुक मालकीचा पुरावा नसतं. त्यावर 'रजिस्टर्ड कीपर' असतो, आणि हा मालकीचा दाखला नाही असं त्या कागदावरच छापलेलं आहे. म्हणून खरेदीची मूळ पावती, पैसे गेल्याचा बँकेचा उतारा आणि लॉगबुक अशी तिन्ही एकत्र ठेव. तिन्हींवर नाव एकच, आणि तेही पासपोर्टवर आहे तसंच. लग्नानंतर पासपोर्टवर एक आडनाव आणि लॉगबुकावर दुसरं, हा घोळ आपल्याकडे फार. तो तिथं असतानाच निस्तर, कारण तिथं ते पत्राचं काम आहे, इथं ॲफिडेव्हिटचं.

निघताना लॉगबुकातला कायमच्या निर्यातीचा भाग भरून स्वान्सीच्या डीव्हीएलए या वाहननोंदणी कार्यालयाला कळवायचं. बाकीचं लॉगबुक आपल्यापाशी ठेवायचं, इथल्या नोंदणीला ते लागतं. लोक उत्साहात पूर्ण पुस्तक पोस्टात टाकतात. रोड टॅक्सचे जे पूर्ण महिने उरले असतील त्यांचे पैसे परत मिळतात. गाडी निघण्याआधी तिची तपासणी करून भारतीय मोटार वाहन नियमांना ती धरून आहे असा दाखलाही बरोबर पाठवावा लागतो. कोणत्या संस्थेचा दाखला चालेल, हे मुंबईच्या एजंटला आधी विचार, मगच तिकडे तपासणीची फी भर.

आता बोट. दोन रस्ते आहेत. रो-रो म्हणजे जहाजाच्या पोटात उतारावरून गाडी चालवत नेतात आणि पट्ट्यांनी बांधतात. साउदॅम्प्टन हे त्याचं मोठं बंदर. दुसरा रस्ता कंटेनरचा. वीस फुटी कंटेनरमध्ये एक गाडी मावते, चाळीस फुटीत दोन. रो-रो स्वस्त, पण किल्ली परक्या हातात जाते, गाडी उघडी राहते आणि आत सामान ठेवू देत नाहीत. मी असते तर कंटेनरच घेतला असता. महाग पडतो, पण सील लागलं की ते फुटेपर्यंत आत कुणी जात नाही. मात्र आतलं लॅशिंग बघायला स्वतः जा, किंवा जावईबापूंना पाठव. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, चारही कोपऱ्यांना पट्टे, आणि पट्टा चाकाला किंवा ओढायच्या हुकाला अडकवलेला हवा, सस्पेन्शनच्या नाजूक दांड्याला नव्हे. बॅटरीची तार काढलेली, अलार्म बंद, टाकीत पाव टाकीहून कमी पेट्रोल. फोटो धुतलेल्या गाडीचेच काढ. धुळीखाली ओरखडा झाकला जातो आणि मग तो कुणाच्या काळातला यावर वाद होतो. चारी बाजू, छत, चाकं, किलोमीटरचा आकडा, आणि गाडीच्या पोटाचासुद्धा एक फोटो. कंटेनरचं सील लागताना त्याच्या नंबराचा फोटो विसरू नकोस.

गाडीच्या डिकीत भांडी, कपडे, मुलांची खेळणी कोंबू नकोस. जागा फुकट जाते असं वाटतं खरं. पण जाहीर न केलेली एक सूटकेस सापडली की तपासणी गाडीवरून सगळ्या कंटेनरवर जाते.

विम्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथं शिकलेली माणसंही पैसे वाचवायला बघतात. स्वस्त पॉलिसी बहुधा फक्त 'टोटल लॉस'ची असते. बोट बुडाली तर पैसे मिळतात, दरवाजा चेपला तर नाही. सर्व जोखमींची पॉलिसी घे, आणि त्यात 'जनरल ॲव्हरेज' आहे का हे शब्दशः वाचून बघ. ही समुद्रावरची फार जुनी रीत आहे. जहाज वाचवण्यासाठी काही माल फेकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो खर्च जहाजवाल्यांबरोबर सगळ्या मालधन्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा. तुझ्या गाडीला ओरखडासुद्धा नसला तरी वाटा द्यावाच लागतो, आणि तो किंवा त्याची हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवी होऊन सहा दिवस रुतली ती आठवते ना? तिच्यावर हीच वाटणी जाहीर झाली होती. कालवा मोकळा झाला, पण भरपाईच्या वादात इजिप्तनं बोट जुलैपर्यंत सोडली नाही. ज्यांचा विमा होता त्यांचं विमा कंपनीनं बघितलं, बाकीच्यांना स्वतः निस्तरावं लागलं. आणि बोट बुडतच नाही म्हणशील, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' या मोटारी वाहणाऱ्या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते सुमारे चार हजार गाड्यांसकट तळाला गेलं.

मुंबईकडे येऊ. वापरलेली गाडी मुंबईच्या बंदरातच उतरली पाहिजे. नव्या गाड्यांना चेन्नई, कोलकाता, कोचीन वगैरे दरवाजे उघडे आहेत, वापरलेल्यांना फक्त मुंबई. आणि मुंबई म्हणजे न्हावा शेवा नव्हे. बर्मिंगहॅमच्या बुकिंग क्लार्कला दोन्ही एकच वाटतं, कारण आजकाल मुंबईचे बहुतेक कंटेनर न्हावा शेवालाच उतरतात. ते खाडीपलीकडे, रायगड जिल्ह्यात, आणि त्याचं कस्टम हाऊसही वेगळं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, उतरायचं बंदर काय लिहिलंय, ते छापायच्या आधी मसुद्यातच वाच आणि एजंटलाही पाठव. एकदा बोट सुटली की तो शब्द बदलायला लागणारे पैसे आणि दिवस तू मोजत बसशील.

एजंट गाडी निघायच्या आधी नेमायचा, आल्यानंतर नाही. लायसन्सवाला कस्टम ब्रोकर हवा, आणि त्यानं पूर्वी वापरलेल्या मोटारी सोडवलेल्या असाव्यात. कापड सोडवणारा एजंट कितीही हुशार असला तरी या कामात नवखा. 'वर द्यायला लागतात' असं म्हणून पावतीशिवाय पैसे मागणारा असेल तर तिथूनच परत फिर. गोदीत दोन मीटर फिरत असतात हे ध्यानात ठेव: डेमरेज म्हणजे बंदराच्या जागेचं भाडं, आणि डिटेन्शन म्हणजे कंटेनर परत न दिल्याचं जहाज कंपनीचं भाडं. सुरुवातीचे काही दिवस मोफत, मग दोन्ही एकदम चढतात, आणि दर आठवड्याला दर वाढतो. एका सहीच्या कागदासाठी महिनाभर उभ्या राहिलेल्या गाड्या मी पाहिल्यात. म्हणून बोट लागायच्या आधी तू स्वतः भारतात हवीस, पासपोर्टसकट. गणपती, दिवाळी किंवा मार्चअखेरीला माल लागेल असं बुकिंग टाळ.

तू पुण्याला राहणार हे एक बरं. आल्यावर गाडीची पुन्हा तपासणी होते, आणि ज्या संस्थांची नावं नियमात आहेत त्यांत पुण्याची एआरएआय आहे, अहिल्यानगरची व्हीआरडीई आहे. वेताळ टेकडीवर फिरायला जाताना एआरएआयची पाटी तू शंभरदा पाहिली असशील. तिथला दाखला आला की मग आरटीओ, आणि आरटीओत बिल ऑफ एंट्री, ड्यूटी भरल्याची पावती, तिकडचं लॉगबुक, इथला विमा. परदेशी गाडीला आपल्या राज्यात वाहनकराचा दर इथल्या गाडीपेक्षा चढा आहे, तोही त्या हिशेबात धर.

सोप्या वाटेचे सल्लेही कानावर येतील. कार्नेवर आण आणि इथंच ठेव, असं कुणी सुचवेल. कार्ने हा पाहुण्या गाडीचा परवाना आहे. मुंबईहून लंडनला मोटारीनं जाणारे हौशी लोक तो घेतात, आणि ठरल्या मुदतीत गाडी देशाबाहेर गेली नाही तर ठेवलेली हमी जप्त होते आणि गाडीही. शेजारच्या देशातून नोंदणी फिरवून आणण्याचे प्रकारही चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आलेल्या गाड्यांसाठी कस्टमनं केरळात छापे घातले. गाड्या गेल्या त्या शेवटच्या खरेदीदारांच्या दारातून.

मग आणावी कुणी? ज्याची गाडी दोन वर्षांच्या आतली आहे, पूर्ण फेडलेली आहे, इथं तिचं वर्कशॉप आहे, आणि जो इथल्या शोरूममधून तसलीच गाडी घ्यायला निघाला तर जवळपास तेवढेच पैसे मोजेल, त्यानं. असे लोक हाताच्या बोटांवर मोजावेत. सिंगापूरची तुझी मैत्रीण तर आणायच्या भानगडीत पडूच नये. तिथं दहा वर्षांच्या आत गाडीची नोंदणी रद्द केली की सरकारकडून काही पैसे परत मिळतात, आणि निर्यात करणारे व्यापारी गाडी दारातून घेऊन जातात.

तुझ्या गाडीचं उत्पादन कधीचं ते कंपनीकडून लिहून आलं की मला कळव. तारीख बसत नसेल तर गाडी तिथंच विक, आणि ऑगस्टच्या आत विक. १ सप्टेंबरला नव्या नंबरप्लेटी आल्या की लोक नव्या गाडीच्या बदल्यात जुन्या देऊन टाकतात, आणि वापरलेल्या गाडीचा भाव उतरतो.